अभ्यासवर्ग : व्याख्या आणि बाकावरचा विद्यार्थी

ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती फिरले तरी कौपिनेश्वराचे मंदिर, चर्च आणि पुढे टेंभी नाक्याला बेने-इस्रायलांचे सिनेगॉग लागते. मग ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वर्गात धर्माचे समाजशास्त्र एकाच व्याख्येवर कसे शिकवावे?

टायलरने १८७१ साली आत्मिक शक्तींवरील श्रद्धेला धर्म म्हटले. एवढेच फळ्यावर लिहून थांबले की ईश्वर व आत्मा नाकारणारा बौद्ध विद्यार्थी बसल्या बाकावर धर्माबाहेर पडतो! ही व्याख्या अपुरी असल्याचे द्यूरकेमने १९१२ मध्ये दाखविले, तेही बौद्ध धम्माचाच दाखला देऊन. हा दाखला शिक्षकाने गाळू नये.

बाबासाहेब आणखी पुढे गेले. धर्म व्यक्तिगत, धम्म सामाजिक, हा भेद त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केला. माणूस एकटा असेल तर धम्म नसला तरी चालेल. दोघे एकत्र आले की तो हवाच. महाराष्ट्रात १९५१ च्या शिरगणतीत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. हे काय आत्म्यावरील श्रद्धेने घडले? माणसामाणसांतील नातेच बदलायचे होते.

पुढील वर्गासाठी : आपल्या घरातील लग्न व अंत्यविधी १९५६ पूर्वी कसे होत, नंतर काय बदलले आणि काय तसेच राहिले, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. राहिलेलेही लपवू नये.