रोग्यांच्या उशाशीं

उपदेशकांकरितां व मंडळींकरितां पाठ
वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय २५:३१–४०, मार्क १:४०–४२

ज्वरानें पडलेल्या शेजाऱ्यास भेटावयास आपण जातों. परंतु कोणास महारोग झाला असें कळलें कीं आपले पाय उंबरठ्यावरच अडखळतात. प्रभूनें तर अशा मनुष्यास हात लावला. म्हणून आज मदर मेरियन कोप यांचें चरित्र पाहूं. त्या रोमन कॅथॉलिक मठवासिनी होत्या. कित्येक बाबतींत त्यांचें व आपलें मत जुळत नाहीं. तथापि चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ज्यानें सांगितला त्याचे आपण शिष्य आहों, हें विसरूं नये.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८३८ रोजीं जर्मनींतील हेपेनहाइम येथें झाला. बालपणींच आईबापांबरोबर त्या अमेरिकेस गेल्या. बाप आजारी पडल्यावर घर चालविण्यासाठीं त्यांनीं गिरणींत काम केलें. १८६२ सालीं त्या सिराक्यूज येथील फ्रान्सिस्कन भगिनींच्या संघांत गेल्या. पुढें तेथील सेंट जोसेफ रुग्णालयाचा कारभार त्यांनीं पाहिला. धर्म अथवा वर्ण पाहून तेथें कोणास परत लावीत नसत.

१८८३ सालीं हवाई बेटांच्या राजाकडून महारोग्यांच्या सेवेसाठीं बोलावणें आलें. पन्नासांहून अधिक संघांनीं नकार दिला होता. मदर मेरियन सहा भगिनींसह निघाल्या. १८८५ सालीं त्यांनीं रोग्यांच्या निरोगी मुलींकरितां आश्रम उघडला. १८८८ सालीं त्या मोलोकाई बेटावरील कलाउपापा येथें गेल्या. एकीकडे उंच कडे, बाकी सर्व बाजूंनीं समुद्र. कायद्यानें घरादारापासून तोडलेले रोगी तेथें ठेवीत. फादर डेमियन १५ एप्रिल १८८९ रोजीं वारल्यावर त्यांच्या आश्रमांतील मुलांचा भारही भगिनींवर आला.

त्यांनीं जखमा बांधल्या, मुलींना शिवणकाम शिकविलें, चांगलीं वस्त्रें दिलीं, ओसाड जागीं झाडें लाविलीं. रोगी हा केवळ मरणाची वाट पाहणारा नव्हे, तर देवाचें लेकरूं आहे, हें त्यांनीं कृतीनें सांगितलें. हात धुण्याविषयीं त्यांची शिस्त कडक होती. त्यांना स्वतःला हा रोग झाला नाहीं. ९ ऑगस्ट १९१८ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. रोग्यांना सक्तीनें दूर ठेवण्याचा तेथील नियम १९६९ सालीं संपला. आतां तर हा रोग औषधांनीं पूर्ण बरा होतो. वेळीं उपचार झाल्यास व्यंगही टळतें.

यावरून बोध : प्रीति भीतीला जिंकते, पण स्वच्छतेला तुच्छ मानीत नाहीं. तसेंच उशाशीं केलेली प्रार्थना पाण्याच्या पेल्यापासून वेगळी करूं नये.

विचारावयाचे प्रश्न :
१. आपल्या गांवांत कोणत्या रोग्याच्या घरीं कोणी जात नाहीं?
२. त्याला दवाखान्यांत कोण घेऊन जाईल?
३. या आठवड्यांत त्याच्याजवळ कोण बसेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नांव घेऊन द्यावें, आणि मगच प्रार्थना करून पाठ संपवावा.