चेहरा येईल तिथे बस

पोरी, आंतरशालेय स्पर्धांच्या फोटोंचं काम तू घेतलंस, फार चांगलं केलंस. आता नीट ऐक. पहिला सामना सुरू होईल तेव्हा कॅमेरा पिशवीतच राहू दे. पाच-दहा मिनिटं नुसती बघ. कोणती मुलगी डावखुरी आहे, कोण निसटण्याआधी खांदा झुकवते, सर कोणाला सारखी हाक मारतात, ऊन कुठून येतंय, मागे पाण्याचा टँकर उभा आहे की झाडं आहेत. एवढं डोक्यात बसलं की कॅमेरा काढ. ज्याला खेळ कळतो त्याला पुढचा क्षण आधी दिसतो. चेंडू दिसल्यावर बटण दाबणाऱ्याच्या हाती रिकामी जागा लागते.

दुसरी गोष्ट अगदी मनापासून सांगतो. शाळांच्या भिंतींवरचे फोटो आठव. शील्ड, शील्डला हात लावून उभे असलेले पाहुणे, आणि मागे रांगेत पोरं. हे सगळे निकालाचे फोटो. आपल्या सिकंदराबादेत स्टुडिओ थाटणारे राजा दीनदयाळ केवढे मोठे कलावंत! १९०२ साली लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आला, तेव्हा वरंगळकडच्या नेकोंड्याला मारलेल्या वाघामागे साहेब आणि मडम उभे आहेत, असा फोटो त्यांच्या कंपनीने काढलेला आहे. तिपाईवरचा जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन जंगलात धावता वाघ टिपायचा तरी कसा? तुझ्या हातात सेकंदाला दहा-दहा फोटो घेणारं यंत्र आहे. तरीही आपण मारलेल्या वाघाचेच फोटो काढत राहिलो, तर ते यंत्र कशाला हवं? पोरगी खेळताना कशी दिसत होती, हे तिच्या आईला बघायचं असतं. ती माउली सामन्याच्या वेळी कामावर असते.

म्हणून माझा नेम असा, की दोन्ही संघांतल्या प्रत्येक मुलाचा, चेहरा ओळखू येईल असा, खेळतानाचा एक तरी फोटो झालाच पाहिजे. हरलेल्या संघाचाही. राखीव पोरं खेळली नाहीत तर बाकावरून ओरडतानाचे त्यांचे फोटो घे. त्या ओरडण्यात खेळ पुरेपूर असतो. सगळ्यांचं झालं की मग हव्या त्या चांगल्या खेळाडूच्या मागे लाग.

प्रत्येकाचा चेहरा मिळवायचा तर कुठे बसायचं हे खेळागणिक शिकावं लागतं. खो-खोपासून सुरुवात कर, कारण त्यात हे सगळ्यात स्पष्ट कळतं. पाठलाग करणारे आठ जण मधल्या पट्टीत बसतात आणि एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करतात. म्हणजे तू एका बाजूच्या रेषेबाहेर बसलीस की चार चेहरे तुझ्याकडे आणि चार पाठी. खो मिळताच बसलेलं पोर उसळतं. त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते नंतर धावताना राहत नाही. धावणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नकोस. बसलेल्या एकावर फोकस धरून ठेव आणि खो यायची वाट बघ. चौघांचे झाले की पंचांच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा. वरच्या गटात डाव नऊ मिनिटांचा असतो, वेळ पुरतो.

मग खांबाकडे ये. दोन खांबांच्या मधल्या भागात पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही. खांबापलीकडच्या मोकळ्या भागात मात्र तो हवा तिकडे वळू शकतो. म्हणून पळणारी पोरं खांबाशी येऊन हुलकावणी देतात, आणि पाठलाग करणारी खांब एका हाताने धरून सूर मारतात. तो सूर समोरून घेशील तर लांबी दिसत नाही, अगदी बाजूने घेशील तर चेहरा दिसत नाही. खांबाच्या रेषेच्या थोडं पुढे, तिरकी बस. जमिनीवर मांडी घालून बस, गुडघे दुखायची चिंता तुझ्या वयात नको. उभं राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात पोरं बुटकी दिसतात आणि मागे नुसती माती येते. खाली बसलीस की त्याच सुराला आभाळ मिळतं. शटर १/१००० च्या खाली आणू नकोस. मुरमाच्या मैदानावर धूळ उडते. सकाळचं ऊन पोरांच्या पाठीमागून येत असेल तर ती धूळ फोटोत सोन्यासारखी दिसते, पण त्या धुळीत लेन्स कधी बदलू नकोस.

कबड्डीचं गणित वेगळं. चढाई करणाऱ्याचं तोंड समोरच्या संघाकडे, म्हणून तू त्यांच्या शेवटच्या रेषेमागे बसलीस की चढाई करणारा सरळ तुझ्याकडे येतो. चढाई तीस सेकंदांची. पहिली काही सेकंदं पाय मोजण्यात जातात, तेव्हा फोटो वाया घालवू नकोस. कोपऱ्यातल्या गड्याचे गुडघे वाकले, की पकड होणार हे समज आणि बोट दाबून धर. मध्यांतराला संघ बाजू बदलतात. तू मात्र जागा बदलू नकोस. आपोआप दुसऱ्या संघाच्या चढाया तुझ्याकडे यायला लागतात. पकड करणाऱ्यांचे चेहरे मात्र या जागेवरून मिळत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक भागातला थोडा वेळ मध्यरेषेच्या बाजूला काढ. पकडीत हातापायांचा गुंता होतो, त्यात एकाचे तरी डोळे दिसत असतील तोच फोटो ठेव.

मुलींच्या कबड्डीत, खो-खोत, जिम्नॅस्टिक्समध्ये कपडे सरकतात. असा एकही फोटो कोणाला दाखवायचा नाही. घरी नेऊन नव्हे, तिथेच मैदानावर कॅमेऱ्यातून काढून टाक. फोटो कितीही उत्तम जमलेला असो, यात माझ्याकडे सूट नाही.

आता उजेडाचं. आपल्याकडे शाळांचे क्रीडादिन डिसेंबर-जानेवारीत होतात, सकाळी आठ-नऊपर्यंत तिरपं ऊन मिळतं, ते सोन्याच्या भावाचं समज. महत्त्वाच्या शर्यती त्या वेळात ठेवायला पी. ई. टीचरना आधीच सांगून बघ. ऐकतात. दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन आलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो, टोपीवाल्या क्रिकेटपटूचा तर चेहराच जातो. तेव्हा उजेड मैदानावरून मोजू नकोस, चेहऱ्यावरून मोज. आभाळ पांढरं पडलं तरी चालेल. उरलेला वेळ मंडपाच्या सावलीतल्या पोरांवर घालव. बूट बांधणारी, एकमेकींच्या वेण्या घट्ट करणारी, ग्लुकोज ओठांना लावून बसलेली.

आणि फोटो घरी नीट करताना कोणाचाही रंग उजळवू नकोस. संगणकात एक खूण सरकवली की सावळी पोरगी गोरी होते, पालकांपैकी काही जण तसं मागतीलही. नाही म्हणायचं. उन्हात तापून खेळलेल्या चेहऱ्याचा जो रंग आहे तोच छापायचा. उजेड कमी पडला असेल तर सगळा फोटो उजळ कर, एकटी कातडी नको.

इनडोअरला कष्ट जास्त. गचिबावली, सरूरनगर, युसुफगुड्याचं विजयभास्कर रेड्डी स्टेडियम, चादरघाटचं व्हिक्टरी प्लेग्राउंड, कुठेही जा, डोळ्यांना झगझगीत वाटणारा उजेड कॅमेऱ्याला अपुरा असतो. लेन्स पूर्ण उघड, आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत बिनधास्त ने. दाणे आले तर येऊ देत, हललेला चेहरा मात्र नंतर कशानेही सुधारत नाही. महागडी मोठी लेन्स विकत घ्यायची घाई करू नकोस. ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्या मानाने स्वस्त पडते आणि छोट्या कोर्टावर तिने सगळं भागतं. मोठी लेन्स लागेल त्या दिवशी भाड्याने आण. आणखी एक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, फोटोत मात्र एक गोरा, एक पिवळा, एकावर आडवे पट्टे असा प्रकार होतो. नव्या कॅमेऱ्यांत फ्लिकर आवरण्याची सोय असते, ती चालू कर. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली टाळ. पट्टे त्यानेच जास्त येतात.

बॅडमिंटनचं काम तुला या शहरात सर्वांत जास्त येईल. गोपीचंदने २००१ साली ऑल इंग्लंड जिंकली, २००८ मध्ये गचिबावलीत अकादमी उघडली, तिथून सायना आणि सिंधू पुढे आल्या, आणि तेव्हापासून या गावात गल्लोगल्ली पोरं रॅकेट घेऊन निघतात. फ्लॅश अजिबात नको. सर्व्हिस होईपर्यंत बोटही हलवू नकोस. तुझ्या शटरच्या आवाजाने बारा वर्षांच्या पोराचं लक्ष उडालं तर तो गुण तू घालवलास. जाळीपलीकडच्या कोपऱ्यात खाली बस. स्मॅशसाठी पोर वर बघतं तेव्हा छताचा सगळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो, तोच तुझा क्षण. फूल रॅकेटला लागल्यानंतरचा फोटो नेहमी फिका वाटतो, लागण्याच्या किंचित आधीचा घे.

धावण्याच्या शर्यतीत अंतिम रेषेच्या पलीकडे, थोडी कडेला राहा. पहिला आला की कॅमेरा खाली घेऊ नकोस. शेवटचा येईपर्यंत धरून ठेव, त्याची आईही फोटो बघणार आहे. ४×१०० रिलेत बॅटन बदलायचा पट्टा ३० मीटरचा असतो, पण शाळेतली पोरं बहुतेक वेळा त्याच्या अगदी टोकाला बदलतात, तिकडे लक्ष ठेव. उंच उडीत पाठीवर पडणाऱ्या मुलाचा चेहरा हवा असेल तर गादीमागे जा. क्रिकेटबद्दल फार सांगत नाही. जिमखाना असो की परेड ग्राउंड, सीमारेषेबाहेरून लांब लेन्सशिवाय फोटो होत नाहीत. एवढंच कर, बळी पडला की बाद झालेल्यावरून कॅमेरा काढून गोलंदाजाकडे ने, आणि मग यष्टिरक्षकाकडे.

जुलैत हुसेनसागरावर पोरांची शिडाच्या होड्यांची शर्यत असते, ती चुकवू नकोस. ऑप्टिमिस्ट नावाची ती होडी अडीच मीटरांच्या आतली, एका पोराची, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. सरकारी निवासी शाळांतल्या मुलीही तिथे शिडं सांभाळायला शिकल्या आहेत. पांढऱ्या शिडाने कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा पडतो, म्हणून उजेड एक पायरी वाढवून ठेव. पावसाचं पाणी लागू नये म्हणून कॅमेऱ्याला साधी प्लास्टिकची पिशवी आणि रबर पुरतं.

हात बसवायला महापालिकेची उन्हाळी शिबिरं उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी सगळ्या वस्त्यांतली पोरं मैदानावर असतात. परवानगी मागून जा, फोटो काढ, छापून फुकट दे. पण ऊन चढल्यावर कॅमेरा बंद गाडीत ठेवू नकोस. आणि पावसाळ्यात एसी खोलीतून तडक दमट मैदानावर गेलीस तर काचेवर वाफ धरते. वीस मिनिटं पिशवी बंद ठेवून कॅमेऱ्याला हवेची सवय होऊ दे.

पोर पडलं, लागलं, रडायला लागलं, तर कॅमेरा खाली. आधी कोणी बघायला येतंय का ते बघ. हरल्यावरचे अश्रू वेगळे, ते लांबून घेता येतात, पण ते त्या पोराला आणि आई-वडिलांना दाखवून, त्यांना हवे असतील तरच द्यायचे.

शाळेकडून लेखी परवानगी घे, पालकांचीही घ्यायला शाळेला सांग. अठराच्या आतल्या मुलांच्या वैयक्तिक माहितीला पालकांची संमती लागते, असं २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यातही आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. इंटरनेटवर टाकायचा फोटो असेल तर पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आणि रोजचं मैदान एकत्र लिहू नकोस. ही माहिती तुझ्याजवळच्या फोटोबरोबर मात्र नीट नोंदव. आपल्याकडचे नावाजलेले खेळाडूच बघ. अझरुद्दीन ऑल सेंट्समध्ये शिकला, लक्ष्मण लिटल फ्लॉवरमध्ये, मिताली कीज हायस्कूलमध्ये, सानिया नासरमध्ये. त्यांच्या वर्गातली बाकीची पोरंही तेवढ्याच जिवाने खेळली असतील. चाळीस वर्षांनी कोणी आपला संघ शोधत आला तर त्याला सगळ्यांची नावं मिळाली पाहिजेत, ‘मागच्या रांगेत अज्ञात’ असं लिहिलेलं नको.

म्हणून सामन्याला निघण्याआधी जर्सीच्या क्रमांकांसकट दोन्ही संघांची यादी शाळांकडून मागून घे. आली नाही तर मैदानावर पोचल्या पोचल्या प्रशिक्षकांना गाठ आणि त्यांच्या वहीचा मोबाइलवर फोटो काढ. सामना संपला की पोरं बसमध्ये चढतात, जर्सी काढून ठेवतात आणि मग नावं जुळत नाहीत. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, पाण्याची बाटली, बसायला जाड सतरंजीचा तुकडा, आणि पेन.