छातीला चोळावयाचे घरगुती मलम
(सामान्य विज्ञान व आरोग्य. इयत्ता ५ वी ते ७ वी. तासिका : दोन)

हिवाळा सुरू झाला की वर्गात शिंका व खोकला ऐकू येऊ लागतो. अशा वेळी मुलाच्या छातीला कोमट तेल चोळणे, ओव्याची पुरचुंडी हुंगविणे, कापूर लावणे ही खेडेगावातील घराघरांतील वहिवाट आहे. या वहिवाटीत विज्ञानाचे चांगले पाठ आहेत. तसाच एक गंभीर धोकाही आहे. दोन्ही गोष्टी मुलांना एकत्रच शिकविणे इष्ट होय.

उद्देश
१. पदार्थांचे वितळणे, गोठणे व उडून जाणे यांचे प्रत्यक्ष निरीक्षण.
२. वजन व शेकडेवारी यांचा उपयोग.
३. घरगुती उपचाराची मर्यादा ओळखणे.

साहित्य
खोबरेल तेल ९० ग्रॅम, ओवा एक चमचा, मधमाशांचे मेण १५ ग्रॅम, शुद्ध कापूर ३ ग्रॅम, तराजू, दोन पातेली, स्वच्छ कोरडे फडके, झाकणाच्या डब्या. पूजेच्या कापूरवड्यांत अन्य पदार्थांची मिसळ असू शकते. म्हणून त्या वापरू नयेत. औषधांच्या दुकानातून शुद्ध कापूर आणावा.

पहिली तासिका : कृती
वजने मुलांकडून करवून घ्यावीत. चुलीजवळचे काम मात्र शिक्षकाने स्वतः करावे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवावे व त्यात तेलाचे लहान पातेले ठेवावे. ‘तेल थेट विस्तवावर का ठेवले नाही?’ हा प्रश्न येथेच विचारावा. पाण्याचे तापमान उकळताना १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही, त्यामुळे तेल करपत नाही व पेट घेत नाही, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

ओवा भरड कुटून अर्धा तास तेलात राहू द्यावा. ओव्याचा उग्र वास त्यातील थायमॉल या द्रव्याचा असतो. ते तेलात उतरते. नंतर तेल गाळून त्यातील ८२ ग्रॅम तोलून घ्यावे व मेण घालून पुन्हा पाण्यावर ठेवावे. मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांवर वितळते. ते पूर्ण वितळल्यावर पातेले खाली उतरवावे. मिश्रण जरा निवले, पण अद्याप पातळ आहे, अशा वेळी कापराची पूड घालून ढवळावे व डब्या भरून लगेच झाकाव्यात. कापूर न वितळताच वाफ होऊन उडून जातो. कढत तेलात घातल्यास तो अधिकच वेगाने उडतो. तो ज्वालाग्राही असल्याने विस्तवाजवळ नेऊ नये.

खोबरेल तेल थंडीत गोठते व उन्हाळ्यात पातळ होते, हे मुलांच्या पाहण्यातले आहे. मेण घातल्याने मलम उन्हाळ्यातही घट्ट का राहते, याची चर्चा करावी.

दुसरी तासिका : विवेचन
पडसे विषाणूंमुळे होते व बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. मलमाने विषाणू मरत नाहीत. कापराच्या वासाने नाकातील गारवा जाणणारे मज्जातंतू उद्दीपित होतात व श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. नाकाची वाट प्रत्यक्षात रुंद होत नाही. चोळण्याची ऊब व आईचा हात यांनी मुलाला स्वस्थ झोप लागते. एवढा लाभ खरा आहे, आणि तेवढाच सांगावा.

यानंतर फळ्यावर पुढील उदाहरण घालावे : १०० ग्रॅम मलमात ३ ग्रॅम कापूर, तर २५ ग्रॅमच्या डबीत किती? उत्तर पाऊण ग्रॅम येते. सुमारे एक ग्रॅम कापूर पोटात गेल्याने लहान मुलाचा मृत्यू ओढवल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. म्हणजे रांगत्या मुलाने ही लहानशी डबी चाटून संपविली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. कापूर पोटात गेल्यावर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. अशा वेळी ओकारी काढविण्याचा प्रयत्न न करता मुलाला डबीसह तत्काळ दवाखान्यात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाळावयाचे नियम
१. दोन वर्षांखालील मुलास कापूर कोणत्याही रूपात लावू नये. ज्या मुलास झटके येतात त्यासही लावू नये.
२. मोठ्या मुलाच्या छातीस व पाठीस थोडेसेच लावावे. नाकात, तोंडाजवळ, डोळ्यांजवळ व जखमेवर लावू नये. लावल्यावर वरून शेकू नये.
३. डबीवर नाव, तारीख व ‘पोटात घेऊ नये’ असे लिहून ती उंचावर ठेवावी.
४. पालकांना समक्ष समजावून सांगितल्याशिवाय डबी मुलाबरोबर घरी पाठवू नये.
५. तान्ह्या मुलाच्या नाकात तेल सोडू नये. ते फुफ्फुसात जाऊ शकते. धुरीही देऊ नये. धुराने श्वासाचा विकार वाढतो. अंगावरचे दूध चालू ठेवावे व बाळास उबदार ठेवावे.

मलमावर विसंबू नये अशी लक्षणे
मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, व एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध वा पाणी न घेणे, ओठ निळसर पडणे, मूल निपचित होणे ही तर धोक्याची लक्षणे होत. त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ‘रात्रभर चोळून पाहू’ असे म्हणू नये.

स्वाध्याय
१. कापराची डबी उघडी ठेवल्यास वजनात काय फरक पडेल? आठवडाभर रोज तोलून तक्ता करा.
२. ४० ग्रॅम मलमासाठी तेल, मेण व कापूर किती लागेल?
३. घड्याळ लावून शेजाऱ्याचे श्वास एक मिनिट मोजा.

तिसरा स्वाध्याय प्रत्येक मुलाकडून करवून घ्यावा. घरी धाकटे भावंड आजारी असता आईवडील शेतावर असतात आणि जवळ असते ते शाळेत जाणारे मूलच. त्याला श्वास मोजता आले, तर या पाठाचे सार्थक झाले.