ताप आला? आधी पाण्याची गोष्ट सांगा



२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरातल्या वस्त्यांत शिरले. पाणी ओसरल्यावर मुंबई परिसरात लेप्टोचा ताप पसरला. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर आपण पाणी विसरलेलो असतो.

म्हणून आम्ही परिचारिका पावसाळ्यात तापाच्या पेशंटला आधी विचारतो: पाण्यातून चाललात का? पोटऱ्या दुखतात का? डोळे लाल झालेत का? लघवी कमी झाली का? कोणी विचारले नाही तर स्वतःहून सांगा. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते.

डोळे पिवळे, लघवी कमी, धाप किंवा थुंकीत रक्त दिसले तर तापाची गोळी घेऊन कामावर जाऊ नका; लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एक दिवसाचा रोज बुडेल, पण माणूस वाचेल.

पाण्यातून चालावे लागले, तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवा. प्रतिबंधक गोळी द्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. सफाईच्या कामावर गमबूट मागा. तो आपला हक्क आहे.