अमरवेल आणि गुळवेल एक नव्हेत



गेल्या आठवड्यात आपल्या दोन-तीन घरगुती ग्रुपांवर एकच फोटो फिरत होता. बोरीवर पसरलेली पिवळ्या-सोनेरी दोऱ्यांची जाळी आणि खाली मजकूर, ‘हीच अमृता, रोज सकाळी काढा घ्या.’ एका काकूंनी तर फोन करून विचारलं, किती तुकडे उकळायचे? काकू, जरा थांबा. फोटोतली वेल अमरवेल आहे. अमृता म्हणजे गुळवेल, जिला आपल्या उज्जैनमध्ये सगळे गिलोय म्हणतात.

गुळवेलीचं मूळ जमिनीत असतं, पानं हिरवी आणि हृदयाच्या आकाराची. ती कडुनिंबावर चढते ती फक्त आधारासाठी, अन्न स्वतःचं स्वतः करते. अमरवेलीला पानं म्हणजे नुसते बारीक खवले. हिरवेपणा नावापुरता. मग ती जगते कशावर?

बी रुजलं की एक धागा वर येतो, खाली अगदी इवलंसं मूळ. धागा गोल फिरत आधार शोधतो. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की शेतात येणाऱ्या अमरवेलीचा कोंब टोमॅटोच्या वासाच्या दिशेने वळतो! थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही तर कोंब मरतो. सापडलं की विळखा घालतो, आणि मुलांनी शाळेत वाचलेली ती चूषक मुळे झाडाच्या खोडात शिरतात. पाणी, क्षार, साखर, सगळं तिथूनच. मग खालचं मूळ सुकून जातं आणि आपल्याला वाटतं, ही वेल मुळाविना वाढली.

रहीमच्या एका दोह्यात मुळाविना वाढणाऱ्या या वेलीला परमेश्वरच सांभाळतो, असा भाव आहे. सत्संगात हा दृष्टांत आपण पुष्कळदा ऐकतो आणि तो गोडही आहे. पण बागेत मात्र ती शेजाऱ्याच्या ताटात जेवते, एवढं ध्यानात ठेवा.

हे मी अनुभवाने सांगतेय. चार वर्षांपूर्वी सोनेरी रंगाला भुलून मी हातभर तुकडा आणून मेंदीच्या कुंपणावर टाकला. लागवड म्हणजे एवढीच, माती लागत नाही, खत लागत नाही. पावसाळा संपेपर्यंत निम्मं कुंपण झाकलं गेलं आणि शेजारच्यांच्या लिंबावर दोरे पोचले. मी नुसते दोरे ओढून काढत राहिले. ते चुकलं. झाडात शिरलेला भाग राहिला तर वेल पुन्हा फुटते. विळखा असलेली फांदीच कापायची, तीही फुलं यायच्या आधी, आणि सगळं जाळायचं. नाल्याकाठी फेकायचं नाही, कारण तुटका तुकडाही दुसऱ्या झाडाला धरतो. बियांचं कवच इतकं टणक की त्या दहा वर्षांहून जास्त काळ मातीत टिकतात. मेंदी शेवटी उपटावीच लागली, आणि लिंबासाठी शेजारच्या वहिनींची माफी मागायला गेले.

ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांनी रिजक्याचं (लसूणघासाचं) बी घेताना विशेष बघावं. त्यात अमरवेलीचं बी मिसळून येतं. चाळून घ्या, आणि शेतात पिवळा ठिपका दिसला की तेवढा चारा लगेच कापून टाका.

मुलांना दाखवायचीच असेल तर कोलियसच्या एका कुंडीवर, बाकी झाडांपासून दूर ठेवा. प्रयोगशाळांतही ती अशीच वाढवतात. फूल येण्याआधी कुंडी रिकामी करा.

आता काढ्याचं. आयुर्वेदात अमरवेलीचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण ज्या झाडावर वाढते त्याचे गुणदोषही ती ओढून घेते. डिजिटॅलिस नावाच्या विषारी झाडावर वाढवलेल्या अमरवेलीत त्या झाडातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं सापडली आहेत. आपल्याकडे कण्हेर आणि धोत्रा प्रत्येक गल्लीत. तोडून आणलेली वेल कशावरची होती, हे काढ्याच्या भांड्यात बघून कुणाला कळणार? वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि तो फोटो ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका.

काकूंना मी आमच्याकडची गुळवेलीची काडी देणार आहे. मेंदीच्या रिकाम्या जागी लावली होती, यंदा चांगली चढली आहे.