आधी डेटा, मग मशीन

अगं, सकाळी घाईच्या वेळी कॉम्प्युटर चालू करावा आणि विंडोज यायच्या जागी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘अ डिस्क रीड एरर अकर्ड’ एवढंच दिसावं, खाली ‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू करा’ अशी सूचना असावी, की पोटात गोळा येतो. हाताला काही सुचत नाही म्हणून आपण तीच तीन बटणं पुन्हा पुन्हा दाबत बसतो. एकदा दाबून बघ, हरकत नाही. दुसऱ्यांदाही तीच ओळ आली तर मात्र मशीन बंद कर आणि माझं थोडं ऐक.

आधी ही ओळ काय सांगते ते समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का हे तो बघतो आणि डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम उचलतो. विंडोजला हाक मारायचं काम त्या प्रोग्रॅमचं. हाक मारण्यासाठी त्याला डिस्कवरून पुढचं काही वाचावं लागतं. ते वाचता आलं नाही की तो ही ओळ लिहितो आणि थांबतो. का वाचता आलं नाही, हे त्याला कळत नाही. वायर सैल झाली असली तरी हीच ओळ आणि डिस्क अखेरच्या घटका मोजत असली तरी हीच ओळ. म्हणून ती बघून ‘गेलं सगळं’ असं रडायचंही नाही आणि ‘काही नसेल’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

आता स्वतःला एकच प्रश्न विचार. या डिस्कवर असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेही नाही? बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो, प्रबंधाची शेवटची प्रकरणं, बचत गटाचे हिशेब, आईच्या आवाजातल्या ओव्या. कागदावर लिहून काढ. विंडोज पुन्हा टाकता येतं, डिस्क बाजारात नवी मिळते. त्या यादीतलं काहीही बाजारात मिळत नाही. यादी कोरी असेल तर निर्धास्त राहा, कुणालाही दुरुस्तीला दे. यादीत एक जरी ओळ असली, तर यापुढचं प्रत्येक पाऊल त्या ओळीसाठी टाकायचं.

पहिली तपासणी फुकटची. मशीनला पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा बाहेरची डिस्क लावलेली असेल तर काढ. बायोस कधी कधी त्यांच्यावरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडकतो. मग बायोसमध्ये जा. बहुतेक मशीनवर चालू करताच एफ-टू किंवा डिलीट दाबलं की तो उघडतो. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का आणि सुरू होण्याच्या क्रमात ती पहिली आहे का, एवढंच बघ. बाकी कशालाही हात लावू नकोस.

हे करताना कान डिस्ककडे ठेव. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चांगली डिस्क एकसारखी बारीक घरघरते. पण ‘टक्… टक्… टक्’ असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, तर त्या डोक्याला आपली जागा सापडत नाहीये. ते मागे येतंय, पुन्हा जातंय, पुन्हा हुकतंय. डोकं चकतीला घासत असेल तर प्रत्येक फेरीत तुझ्या यादीतलं काहीतरी खरवडून निघत असेल. हा आवाज ऐकलास की प्लग काढ. इथे कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. डिस्कवर टिचक्या मारणं, ती फ्रीजरमध्ये ठेवणं, स्क्रू काढून आत डोकावणं, असले सल्ले देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. गारठ्यातून बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि धुळीचा एक कणसुद्धा त्या नॅनोमीटरच्या फटीत डोंगराएवढा ठरतो. अशी डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणारे डेटा रिकव्हरीवाले असतात, ती थेट त्यांच्याकडे न्यायची. फिरत्या चकत्या नसलेली एसएसडी असेल तर आवाज येतच नाही. ती बिघडते तेव्हा बायोसमधून नावच गायब होऊ शकतं.

आवाज ठीक असेल आणि मशीन टेबलावरचं असेल, तर केबल बघ. दिवाळीच्या आवराआवरीत कॅबिनेट ओढून खालचा केर काढायचा, पुन्हा भिंतीला सरकवायचं आणि दुसऱ्या दिवशी हा एरर, असं पुष्कळ घरांत होतं. मशीनचा प्लग काढ, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरव आणि बाजूचं झाकण उघड. डिस्कला दोन वायरी जातात. रुंद असते ती विजेची. चपटी, अरुंद असते ती डेटाची, तिला साटा केबल म्हणतात. तिच्या तोंडाला इंग्रजी ‘एल’च्या आकाराची खाच असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसव. जमलं तर केबलच बदल, फार महाग नसते. लॅपटॉप मात्र सवय नसेल तर उघडू नकोस.

एवढ्यावर मशीन सुरू झालं, तर लगेच कामाला बसू नकोस. बाहेरची डिस्क लावून यादीतलं सगळं आधी उतरवून घे, मग डिस्कची तब्येत बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते, ती ते दाखवतं. त्यातले चारच आकडे वाचायला शीक. ‘०५’ म्हणजे खराब होऊन बदलाव्या लागलेल्या जागा. ‘सी५’ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट बघणाऱ्या जागा. ‘सी६’ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेल्या जागा. हे तिन्ही शून्य असावेत. ते वाढत असतील तर डिस्क चालली, असं समज. ‘सी७’ वेगळा आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या वाटेत झालेल्या चुका तो मोजतो आणि बहुधा केबलकडे बोट दाखवतो. केबल बदलल्यावर तो शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबतो. तेवढ्यावरून निदान होतं.

मशीन सुरूच झालं नाही, तरी मार्ग आहे. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह तयार करून घे, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून मशीन सुरू केलं की विंडोजशिवाय फाइल्स बघता येतात. ‘ट्राय उबुंटू’ निवडायचं, ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावायचा नाही. मग बाहेरची डिस्क लावून यादीप्रमाणे कॉपी कर. आधी जे सर्वांत मोलाचं ते, म्हणजे प्रबंध, हिशेब, ओव्या. सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी. मधेच डिस्क अडकायला लागली तर हट्ट धरू नकोस. अशा वेळी जाणकार माणूस डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते आधी धडधाकट भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. कुठवर आलं याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मधेच थांबवलं तरी पुढून सुरू करता येतं. नव्या लॅपटॉपमधली डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असू शकते. तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. तुझं मशीन आज चालू असेल, तर आजच ती शोधून कागदावर उतरवून ठेव.

दुरुस्तीचा नंबर यानंतर. विंडोजमध्ये चेकडिस्क नावाची सोय आहे आणि जो तो पहिल्यांदा तीच सुचवतो. खराब जागा शोधायला सांगितलं, की ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून काढते. डेटा सुरक्षित नसताना ती चालवणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला उठवून घर झाडायला लावण्यासारखं आहे. कधी ती सुरू होताना आपोआपच उभी राहते आणि काही सेकंद उलटे मोजते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं तर टळते. सगळं उतरवून झालं असेल आणि ‘स्मार्ट’चे आकडे स्वच्छ असतील, तर मग खुशाल चालव. आकडे वाईट असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नकोस, डिस्क बदल.

आता दुकानाबद्दल, आणि हे मोठ्या बहिणीच्या अधिकारानं सांगते. काउंटरवर ‘फॉरमॅट मारून देतो ताई, संध्याकाळी घेऊन जा’ असं अगदी सहज म्हटलं जातं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या प्रबंधाचं वर्षभराचं काम या एका वाक्यात गेलं. दुकानदार वाईट नव्हता. मशीन सुरू करून द्यायचं एवढंच त्याला ठाऊक होतं, आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मशीन टेबलावर ठेवण्याआधी बोल, ‘मला आतला डेटा हवाय. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.’ हेच पावतीवर लिहून घे. रिकव्हरीवाल्याकडे गेलीस तर डेटा निघाला नाही तर किती पैसे लागतील, हे आधी विचार. आणि नवी डिस्क बसवली की जुनी परत माग. त्यात तुझे, घरच्यांचे फोटो आहेत, बँकेचे कागद आहेत, आधार आणि पॅनच्या प्रती आहेत. चालत नाही म्हणून टाकलेली डिस्क दुसऱ्या कुणाच्या हातात चालूही शकते. वॉरंटीत बदलून घेतलीस तर जुनी सहसा परत मिळत नाही, हे लक्षात घेऊनच ठरव. डिस्क परत मागताना संकोच करू नकोस, ती तुझी वस्तू आहे.

राहिली शेवटची गोष्ट. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, आणि डिस्क काही लिहीत असताना वीज गेली तर तिच्यावरची मांडणी बिघडू शकते. टेबलावरच्या मशीनला यूपीएस घे. आणि मोलाच्या प्रत्येक गोष्टीच्या मूळ धरून तीन प्रती ठेव. दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, मग ती बहिणीच्या कपाटातल्या डिस्कवर असो की क्लाउडवर. फोनशी किंवा ड्राइव्हशी नुसतं ‘सिंक’ आहे म्हणून विसंबू नकोस, इथलं पुसलं की तिथलंही पुसलं जातं.

तुझा कॉम्प्युटर आज नीट चालतोय ना? मग उद्यावर टाकू नकोस. आज झोपण्याआधी ती यादी कर आणि यादीतली पहिली गोष्ट दुसरीकडे उतरवून ठेव.