नाथसागरावरील पाहुणे

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांच्या वास्तव्याने पुनीत झालेले हे गाव प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने दूरदेशी प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन नगरांचा उल्लेख आढळतो. तगर हे पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे त्याने नमूद केले आहे.

एके वर्षी पौष महिन्यात तेरच्या एका शाळेतील मुलांनी ही दहा दिवसांची वाट काही तासांत ओलांडली. पैठणजवळच्या जायकवाडी धरणावरील पक्षी पाहावयास त्यांची सहल निघाली होती. मध्यरात्र उलटल्यावर एस.टी. सुटली आणि सूर्य कासराभर वर आला तेव्हा मुले जलाशयाच्या काठी उभी होती.

समोर पाणीच पाणी! पैलतीर दिसेना. “गुरुजी, हाच का समुद्र?” एका लहान मुलीने विचारले.

गुरुजी हसून म्हणाले, “समुद्र नव्हे, पण नावाने सागरच. संत एकनाथमहाराजांच्या नावावरून याला ‘नाथसागर’ म्हणतात. गोदावरीवरील या धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. धरण बांधले ते शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पाखरांना कोणी आमंत्रण धाडले नव्हते. परंतु पसरट, उथळ पाणी, मध्ये लहान लहान बेटे, काठाला चिखल आणि चिखलात विपुल अन्न! पाखरांना आणखी काय हवे? ती येऊ लागली. पुढे १९८६ साली शासनाने हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केला.”

काठाजवळ काळ्याभोर पक्ष्यांचा एक मेळा पोहत होता. प्रत्येकाच्या कपाळी पांढराशुभ्र टिळा होता. “यांना ‘वारकरी’ म्हणतात,” असे गुरुजींनी सांगताच मुलांना मोठी मौज वाटली. “मग ही तर आमच्या गोरोबाकाकांची मंडळी!” एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

थोड्या अंतरावर उंच, सडपातळ पायांचे रोहित पक्षी उथळ पाण्यात चरत होते. वाकडी चोच पाण्यात उलटी बुडवून ते पाणी गाळून घेत आणि बारीक जीव व शेवाळ टिपून खात. रोहिताच्या पंखांची गुलाबी झाक या अन्नातूनच येते. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर हे पक्षी अंडी घालतात.

मग गुरुजींनी दुर्बीण एका बेटाकडे वळविली. तेथे राखी रंगाचे हंस विसावले होते. पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे. म्हणून यांचे नाव पट्टकदंब. लडाख, तिबेट, मंगोलिया ही यांची उन्हाळ्यातील घरे. हिवाळ्यात तेथे सर्वत्र बर्फ पडते, तेव्हा हे हिमालय ओलांडून भारतात येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर लहानशी यंत्रे बसवून पाहिले, तेव्हा काही हंस ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याचे आढळले. तेथील विरळ हवेत प्राणवायू जमिनीलगतच्या मानाने निम्म्याहूनही कमी असतो. परंतु या हंसांची फुप्फुसे मोठी असतात आणि त्यांचे रक्त प्राणवायू अधिक सहज धरून ठेवते.

हे ऐकून एका मुलाला राहवेना. एवढे थोर प्रवासी उडतात तरी कसे, हे त्याला पाहावयाचे होते. त्याने हळूच एक दगड उचलला. बेट फार दूर नव्हते. गुरुजींनी त्याचा हात धरला, पण ते रागावले नाहीत.

“बाळ, दूरच्या प्रवासाला निघताना तुझी आई काय देते?”

“शिदोरी.”

“या हंसांची शिदोरी त्यांच्या अंगातच असते. येथे चार महिने खाऊन ते चरबी साठवितात आणि तिच्या बळावर पुन्हा हिमालय चढतात. ते बहुधा रात्री व पहाटे चरतात आणि दिवसा विसावा घेतात. तुझ्या दगडाने ते उडतील खरे; पण त्या उड्डाणात त्यांची थोडी शिदोरी सरेल. उद्या दुसरा कोणी दगड मारील, परवा तिसरा. मग परतीच्या वाटेवर, बर्फाच्या शिखरांवर, त्यांना बळ कोठून यावे?”

मुलाने मान खाली घातली. दगड हातातून गळून पडला.

दुपार झाली. पौषातही ऊन चटकत होते. मुलांनी झाडाखाली बसून शिदोऱ्या सोडल्या. कोणी गलका केला नाही. मुले निश्चल बसलेली पाहून रोहितांचा थवा चरत चरत पुष्कळ जवळ आला आणि दुर्बिणीवाचूनही त्यांच्या चोचींची हालचाल दिसू लागली.

सायंकाळी परतावयाची वेळ झाली. इतक्यात बेटावर कलकलाट उठला. एका हंसाने पंख पसरले, त्यामागे दुसऱ्याने, आणि पाहता पाहता सारा थवा आकाशात झेपावला. तांबूस आभाळावर त्यांची लांबच लांब रांग उमटली व शेतांच्या दिशेने निघून गेली. चरावयास जाण्याची वेळ होताच ते आपण होऊन उडाले होते.

तो मुलगा कितीतरी वेळ एकटक वर पाहत राहिला.

शब्दार्थ : पुनीत – पवित्र, विपुल – भरपूर, निश्चल – न हलणारे, शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले अन्न.

स्वाध्याय
१. नाथसागरावर पक्षी का येऊ लागले?
२. पट्टकदंब हंस विरळ हवेत कसा उडू शकतो?
३. गुरुजींनी शिदोरीचा दाखला कोणत्या हेतूने दिला?
४. तुमच्या गावाजवळच्या तळ्यावर किंवा नदीवर हिवाळ्यात कोणते पक्षी येतात ते पाहा व दहा ओळी लिहा.